अमोनाइटवर पुन्हा पुन्हा येणारी पांढरी-पिवळी भुकटी: पुसून का जात नाही आणि काय करायचं

"अगं, तुझ्या शाळिग्रामाला बुरशी धरलीय. दोनदा पुसली मी, परत येतेय."

जुलैत आईचा पुण्याहून फोन आला तेव्हा मला प्रश्नच कळला नव्हता. फेब्रुवारीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या चारमथच्या वाळूगोट्यांत मला सहा छोटे अमोनाइट, म्हणजे वळणदार शंखाच्या प्राचीन समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, मिळाले होते. त्यातला सगळ्यात देखणा, अडीच सेंटिमीटरचा, सोन्यासारखा चमकणारा मी सुट्टीला येताना आईसाठी आणला. आईने तो देव्हाऱ्यात आमच्या गंडकीच्या शाळिग्रामाशेजारी ठेवला. त्यात चूक काहीच नव्हती. शाळिग्राम म्हणजेही अमोनाइटचा जीवाश्म. दोघांनाही रोज स्नान, गंध, तुळशीपत्र.

मी तिला सांगितलं, ओल्या फडक्याने स्वच्छ पूस, कोरडा कर आणि वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात दे. हा सल्ला पूर्णपणे चुकीचा होता. गणपतीपर्यंत त्या अमोनाइटचे तीन तुकडे झाले. ज्या तांब्याच्या तबकडीत तो ठेवला होता तिच्यावर त्याच्या आकाराचा हिरवट डाग उठला, तो आजही गेलेला नाही. आणि इकडे माझ्या कपाटातल्या उरलेल्या पाचांपैकी एकावर तीच भुकटी दिसायला लागली.

तेव्हापासून चार वर्षं मी या एका दुखण्याच्या मागे आहे. जीवाश्म साफ करायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते पहिल्या-दुसऱ्या वर्षात भेटतं, आणि जवळजवळ प्रत्येकजण आधी ते पुसतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी भुकटी कसली आहे ते ठरवा

पांढरं काही दिसलं म्हणजे ते हेच असं नाही. निदान चुकलं तर उपाय उलटतो. मला आजवर चार प्रकार भेटले.

समुद्रावरून आणलेला जीवाश्म वाळल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वर पांढरी साय धरतो. भिंगाखाली बारीक, चकचकीत, चौकोनी कण दिसतात. ते निव्वळ मीठ. गोड्या पाण्याने जातं, आणि आतलं मीठ संपेपर्यंत पुन्हा येतं.

दुसरा प्रकार आपण स्वतःच केलेला असतो. दमट हवेत पॅरालॉइडचा (जीवाश्मांवर देतात ती पारदर्शक कृत्रिम राळ) किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या कसल्याही लेपाचा हात दिला की ॲसिटोन झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि लेप दुधाळ होतो. हा हाताला भुकटीसारखा लागत नाही. कोरड्या दिवशी ॲसिटोनचा ब्रश फिरवला की पुन्हा पारदर्शक होतो.

तिसरा प्रकार शिंपले आणि कॅल्साइटच्या जीवाश्मांचा. ओकच्या किंवा प्लायवूडच्या ड्रॉवरमधून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते आणि कॅल्शियम कार्बोनेटवर पांढरे फुलोरे येतात. याला बाइन्स डिसीज म्हणतात, पण तो रोग नाही, ड्रॉवरच्या लाकडाचा परिणाम आहे. जीवाश्म लाकडातून काढून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले की थांबतो.

आणि चौथी आपली भुकटी. रंग पांढरा, राखाडी, पिवळसर, कधी हिरवट. भेगांमधून आणि वळणांच्या खाचांमधून वर येते. डब्याचं झाकण उघडलं की नाकाला आंबट-गंधकी झोंबणारा वास येतो. खाली ठेवलेली कागदी चिठ्ठी तपकिरी होऊन कडेने कुरकुरीत झालेली असते, जणू कुणी उदबत्ती लावली. पण खात्रीची परीक्षा एकच. काचेवर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब ठेवा, त्यात टाचणीच्या टोकाने भुकटीचा कण सोडा आणि पीएच कागदाची, म्हणजे आंबटपणा रंगाने दाखवणाऱ्या कागदाची पट्टी टेकवा. ही भुकटी असेल तर कागद २-३ च्या रंगाला जातो, म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट. मीठ असेल तर काहीच होत नाही. जिभेने चाखून मात्र बघू नका, मला असा सल्ला देणारे भेटले आहेत.

ही भुकटी येते कुठून

चारमथचे सोनेरी अमोनाइट पायराइटचे असतात. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी हा प्राणी समुद्राच्या तळाच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात बुडाला आणि शंखाच्या पोकळ कप्प्यांत पायराइट साचलं. त्या चिखलात असेपर्यंत ते सुखात होतं. बाहेर आल्यावर त्याला दोन गोष्टी एकदम मिळतात: हवेतला प्राणवायू आणि ओल. या दोघांशी संयोग होऊन पायराइटचं हिराकस आणि गंधकाम्ल होतं.

हिराकस म्हणजे तोच, हिरड्याबरोबर उकळून पूर्वी काळी शाई करत तो. त्याच्या स्फटिकात पाणी अडकलेलं असतं आणि हवेतल्या ओलीप्रमाणे ते पाणी कमी-जास्त होतं. त्यामुळे तो पायराइटपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. अमोनाइटच्या आत तो तयार झाला की पाचरीसारखा दगड फोडतो. पाऊस आला, फुगला. हीटर लागला, आक्रसला. पुन्हा फुगला. आईच्या अमोनाइटचे तुकडे असेच झाले. गंधकाम्ल तिथेच थांबत नाही, आजूबाजूचं कॅल्साइट खातं, चिठ्ठी खातं, तांब्याची तबकडीही खातं.

म्हणून पुसून ती जात नाही. आपण पुसतो ते बाहेर आलेलं उत्पादन, कारखाना आत चालूच असतो. आणि ओल्या फडक्याने पुसलं तर त्या कारखान्याला आपणच पाणी पोचवतो.

जुन्या काळी हे जिवाणूंचं काम समजायचे आणि जीवाश्म जंतुनाशकात बुडवून ठेवायचे. आईने "बुरशी" म्हटलं ते त्याच तर्काने, आणि बघायला ते खरंच बुरशीसारखं दिसतं. गंधक खाणारे जिवाणू असतात, पण त्यांना जगायला जवळजवळ ओलीचिंब परिस्थिती लागते. कपाटातल्या दगडावर ते काम करत नाहीत. तिथे सगळी निव्वळ रसायनक्रिया असते.

मग एकाच दिवशी, एकाच किनाऱ्यावर उचललेल्या सहापैकी चार ठणठणीत आणि दोनच का गेले? यात बारकावा आहे. पायराइटचे कण मोठे, घट्ट स्फटिकांचे असतील तर हवेला शिरायला जागा कमी. पण काही अमोनाइटमध्ये पायराइट सूक्ष्म कणांच्या गोळ्यांत असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते तुतीच्या फळासारखे दिसतात, दाण्याला दाणा चिकटलेले. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, वस्तू तीच, पण पिठीसाखर क्षणात जाते. इथेही तेच. माझे टिकलेले चारही हाताला जड आणि चमक लख्ख पिवळी असलेले आहेत. कपाटात बिघडलेला पाचवा फिकट, हिरवट-करडा होता. आईला दिलेला वरून लख्ख दिसत होता, पण फुटल्यावर आतली वळणं तशीच करडी, मातकट निघाली. तेव्हा वरची चमक ही हमी नाही.

आमचा शाळिग्राम मात्र जसाच्या तसा आहे, आजोबांच्या आधीपासून रोज पाणी पडत असून. त्याच्यात पायराइट नाहीच, काळ्या दगडाच्या गाठीत उमटलेला तो ठसा आहे. पण काही शाळिग्रामांत आत सोनेरी झाक असते. तुमच्या घरच्या शाळिग्रामावर अशी झाक असेल आणि खाचेत पांढरं-पिवळं धरत असेल, तर या लेखातलं सगळं त्यालाही लागू आहे.

जे करून लोक फसतात

वार्निश, नेलपॉलिश, पातळ फेविकॉल, लाकडाचं लॅकर. हे सगळे थर दिसायला काचेसारखे, पण पाण्याची वाफ त्यांच्यातून जाते, वेळ लागतो एवढंच. आत आधीच आम्ल असेल तर ते कोंडलं जातं आणि थराखाली काम चालू राहतं. लेप दिलेला अमोनाइट महिना-दोन महिने छान दिसतो, म्हणूनच हा उपाय एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. मग एके दिवशी पापुद्र्यासकट तुकडा हातात येतो. मेणाचंही तेच. चांगल्या टिकलेल्या नगावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात शोभेसाठी जरूर द्या, पण त्याला औषध समजू नका.

सुपरग्लूने तडा चिकटवणं मला विशेष खटकतं. आम्लाने पोखरलेल्या कडा एकमेकींना चिकटतात आणि नंतर ती जागा उघडून साफ करता येत नाही. जीवाश्मावर आपण जे लावू ते उद्या काढता आलं पाहिजे, हा या कामातला पहिला नियम.

खायच्या सोड्याचं पाणी पृष्ठभागावरचं आम्ल मारतं हे खरं. पण ते पाणी आहे, आणि त्यात भर म्हणून सूक्ष्म छिद्रांत नवे क्षार सोडून जातं. मी दोन नगांवर करून बघितलं, दोन्हींवर तीन महिन्यांत भुकटी परत आली. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणंही ऐकलं आहे. तांदूळ ओल फारशी शोषत नाही आणि कोंड्याची धूळ खाचांत बसते.

ब्लीचबद्दल एक ओळ, पण महत्त्वाची. जुन्या सल्ल्यांत ते सापडतं. पायराइटवर वापरू नका, आणि पुढे अमोनियाचा विषय येणार आहे, त्या खोलीत तर ब्लीचची बाटलीसुद्धा नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो.

बिघडलेला नग हातात असेल तर

सगळ्यात आधी तो बाकीच्यांपासून वेगळा करा आणि फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. चिठ्ठीवरची माहिती नव्या कागदावर पेन्सिलीने उतरवा. कुठून, कधी, कुठल्या थरातून, हे गेलं तर उरतो तो नुसता दगड. चिठ्ठी यापुढे जीवाश्माला टेकवून ठेवू नका, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून शेजारी ठेवा.

मग भुकटी कोरडीच काढा. खिडकीजवळ बसा, मास्क लावा, मऊ ब्रश घ्या, खाली कागद पसरा. खाचांसाठी मी बांबूची काडी तासून घेते, लोखंडी सुई नाही. सुटलेले तुकडे सगळे जपा, अगदी तांदळाच्या कणीएवढेही. ही भुकटी झाडांच्या कुंडीत टाकू नका.

यानंतर आम्ल मारायचं. संग्रहालयांत दोन पद्धती चालतात. एकीत इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेट नावाचं रसायन अल्कोहोलमध्ये मिसळून लावतात, ते लोहाच्या क्षारांना धरून जांभळं होतं आणि विरघळवून बाहेर काढतं. परिणाम उत्तम, पण ते विषारी आहे, वास असह्य आहे आणि धूर ओढणाऱ्या कपाटाशिवाय त्याला हात लावू नये. घरी नाहीच.

दुसरी पद्धत अमोनियाच्या वाफेची. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी छोट्या वाटीत अमोनियाचं द्रावण, वर जाळीवर जीवाश्म, द्रावणाचा थेंबही त्याला लागता कामा नये. वाफ आत शिरून आम्ल मारते. संग्रहालयं द्रावणात पॉलिइथिलिन ग्लायकॉल मिसळतात. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे वाफेबरोबर ओल कमी जाते. बिघडलेले भाग या वाफेत तपकिरी पडतात, हे होणारच, रंग बदलला म्हणून घाबरू नका. मी हे फक्त बागेतल्या शेडमध्ये, दार उघडं ठेवून, चष्मा आणि हातमोजे घालून करते, आणि डबा उघडताना तोंड बाजूला. फ्लॅटमध्ये राहत असाल, घरात लहान मूल किंवा दम्याचं कुणी असेल, तर ही पायरी सोडा. खरं सांगते, नुसतं कोरडं ठेवल्यानेही बहुतेक नगांचं बिघडणं थांबतं. आत आम्ल उरतं हे खरं, पण पाण्याशिवाय त्याची गती जवळजवळ थांबते.

कोरडं म्हणजे नेमकं किती

इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. "कोरड्या जागी ठेवा" असं सगळे सांगतात. आईचा देव्हाराही तिच्या मते कोरडाच होता.

आकडा हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया जोर धरते. ५० च्या खाली ती मंदावते. मी ३० ते ४० च्या मध्ये ठेवते. चिखलाच्या दगडात अजून अडकलेला अमोनाइट असेल तर ४० ते ४५, कारण फार सुकवलं तर तो दगडच पापुद्र्यांनी उलगडतो. म्हणजे एका कोरडेपणात सगळं बसत नाही, दोन डबे लागतात.

आर्द्रता मोजायचा छोटा डिजिटल मीटर स्वस्तात मिळतो, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तपासणी स्वयंपाकघरात होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी साचू द्यायचं नाही. हे झाकण आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटर ७५ दाखवला पाहिजे, कारण ओल्या मिठावरची हवा त्याच आकड्यावर स्थिरावते. माझा पहिला मीटर ६९ दाखवत होता. म्हणजे मी ज्याला ५५ समजून निश्चिंत होते ते ६० च्या पलीकडचं होतं. कपाटातला अमोनाइट का बिघडला ते मला त्या सकाळी कळलं.

डबा रबरी कड असलेला, चारी बाजूंनी खटके बसणारा, पॉलिप्रॉपिलिनचा. लाकडी पेटी कितीही सुंदर असली तरी नको. माझ्या दोन लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, लागतात. रंग बदलणारे केशरी दाणे घ्या, ओल भरली की हिरवे होतात. निळे दाणे मिळतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळलेलं बरं. दाणे कापडी पुरचुंडीत बांधते, मीटर आतून दिसेल असा ठेवते, आणि अमोनाइट छोट्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांत, एकमेकांना न टेकता.

दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, पसरट ट्रेमध्ये. पुन्हा केशरी होतात. गार व्हायला उघड्यावर ठेवू नका, नाहीतर तिथेच हवेतली ओल पितात. मी गरम असतानाच काचेच्या बरणीत भरून झाकण लावते.

सगळ्यात दुखणाईत नगासाठी प्राणवायूही बंद करता येतो, वाफ आणि हवा दोन्ही अडवणाऱ्या खास फिल्मच्या पिशवीत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या घालून. एक सावधगिरी. खाऊच्या पाकिटांत येतात त्या पुड्यांना काम करायला ओल लागते, कोरड्या पिशवीत त्या नीट चालत नाहीत. कोरड्यात चालणाऱ्या वेगळ्या पुड्या मिळतात, त्या मागवा. साधी झिपची पिशवी या कामाला निरुपयोगी, तिच्यातून हवा हळूहळू जातेच.

लेप द्यायचा तो कधी

डब्यात महिनाभर राहिल्यावर, पीएच कागदावर काही उमटत नाही आणि नवी भुकटी पडत नाही अशी खात्री झाल्यावरच. पॅरालॉइड बी-७२ चे दाणे ॲसिटोनमध्ये, सुमारे ५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम. दाणे सुती कापडात बांधून बरणीत वरून लोंबते सोडा, रात्रीत विरघळतात. बरणीत नुसते टाकले तर तळाशी डिंकासारखा गोळा बसतो. पातळ हात, वाळू द्या, पुन्हा पातळ हात. सुटलेले तुकडे चिकटवायला हेच घट्ट करून वापरायचं. लेपाचं काम सैल कण धरून ठेवणं एवढंच. डबा त्यानंतरही चालूच राहतो. ॲसिटोन चटकन पेट घेतं, गॅस, निरांजन, हीटर काही जवळ नको.

नवा नग घरी आणताना

चारमथला जाणारे मराठी लोक आता बरेच दिसतात, मुलांना घेऊन. हिवाळ्यातल्या वादळानंतर, ओहोटी लागल्यावर, पाण्याच्या कडेच्या बारीक गोट्यांत बघा. किनाऱ्याचे उंच कडे खणू नका आणि त्यांच्या पायथ्याशी बसू नका, ते सतत ढासळतात. शेजारच्या लाइम रीजिसच्या मेरी ॲनिंग या प्रसिद्ध जीवाश्म शोधणारीचा ट्रे नावाचा कुत्रा १८३३ मध्ये अशाच दरडीखाली गेला, आणि ती स्वतः थोडक्यात वाचली. ती तर ते कडे रोज बघणारी होती.

घरी आणलेल्या नगातलं समुद्राचं मीठ आधी काढायचं, कारण मीठ ओल ओढून घेतं. वर मी पाणी नको म्हटलं ते बिघडलेल्या नगाला. ताज्या, धडधाकट नगाला हे एकदाच मिळणारं स्नान आवश्यक आहे. गोड्या पाण्यात आठवडाभर, पाणी रोज बदलून, शेवटचे दोन दिवस डिस्टिल्ड. मीठ संपलं का हे बघायला घरच्या आरओचं पाणी तपासतो तो टीडीएस मीटर चालतो. डिस्टिल्ड पाण्यात नग ठेवताना आकडा बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. फारसा वाढला नसेल तर झालं.

मग पाणी बाहेर काढायचं. एक दिवस ॲसिटोनमध्ये, मग उघड्या हवेत, मग सिलिका जेलच्या डब्यात. वाळलं का हे डोळ्यांना कळत नाही, वजनाला कळतं. सोनाराच्या छोट्या काट्यावर रोज तोला. माझा एक सहा ग्रॅमचा नग पाच दिवस दररोज थोडा थोडा हलका होत गेला, सहाव्या दिवशी थांबला. लागोपाठ तीन दिवस तोच आकडा आला की घासणं-चमकवणं, मेण, लेप, जे काय असेल ते. आणि घासताना काचतंतूंचा ब्रश वापरत असाल तर हातमोजे घाला, ते तंतू बोटात शिरले की दिसतही नाहीत आणि निघतही नाहीत.

विकत घेत असाल तर विकणाऱ्याला विचारा, लेप कसला आहे आणि कधी दिला. नुकताच जाड, चकचकीत लेप दिलेला स्वस्त पायराइट अमोनाइट मी तरी घेत नाही. घेतलाच तर तीन महिने वेगळ्या डब्यात, पांढऱ्या कागदावर ठेवा. कागदावर पिवळी कड उमटली तर कळेल.

पुणे, मुंबई, कोकण

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातली हवा आपोआप कोरडी राहते, त्यामुळे उघड्या फळीवरचे नगही काही वर्षं निभावतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ८० टक्क्यांच्या वर असते. मुंबईत आणि कोकणात तर इतर महिन्यांतही हवा बरीच दमट असते. तिथे उघड्यावर पायराइट ठेवायचंच नाही, शोकेसमध्येही नाही, कारण शोकेसच्या काचेला फट असते. कॅमेरे आणि लेन्स बुरशीपासून जपायला फोटोग्राफर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट वापरतात. त्यात आर्द्रतेचा आकडा लावता येतो, आणि मुंबईत राहणाऱ्याने संग्रह वाढवायचं मनात घेतलं असेल तर खर्च तिथेच करावा. दोन-चार नग असतील तर डबा पुरतो, फक्त सिलिका जेल पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बघावं लागतं, आणि सारखं उघडून पाहुण्यांना दाखवायचं नाही.

आईला मी मागच्या वेळी टिकलेल्या चारांपैकी एक नेऊन दिला, डब्यासकट. पारदर्शक झाकणातून तो दिसतो. देव्हाऱ्यात शाळिग्रामाच्या शेजारीच आहे, स्नान मात्र शाळिग्रामालाच. गंध-फूल ती डब्याच्या झाकणावर वाहते. जून लागला की आमच्या रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न मीटरचा असतो. परवा ती चष्मा पुसून वाचून म्हणाली, "अडतीस. आणि दाणे अर्धे हिरवे झालेत, ओटीजी लावू का आज?" मी म्हटलं, लाव, पण डबा उघडायच्या आधी खिडक्या बंद कर.